हेगूडचे नाव घेणारा माईक

“डावीकडून उजवीकडे निघालाय, मंडळी, तुमच्या रेडिओच्या काट्याबरोबर. आज पायात पिवळे मोजे आहेत. एक टप्पा, दुसरा टप्पा, मान खाली... आणि आता मान वर.”

मित्रांनो, हा आवाज ऑर्व्हिल क्रेनशॉचा. तो प्रथम ऐकला त्याला कैक वर्षे लोटली. पण अजूनही कोणी माझ्या जवळून बोलत गेले की आधी तो आवाज माझ्यात हलतो, रांजणातले पाणी हलावे तसा, आणि मग समोरच्याचे बोलणे ऐकू येते.

मी एक जुना माईक आहे. अंग पितळेचे, तोंडाला जाळी आणि पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा. कारखान्यात ज्या बाईने तो पडदा बसवला, ती काम करताना श्वास रोखून धरी. तिची फुंकर लागली असती तरी तो फाटला असता. म्हणजे माझा जन्मच कोणाच्या तरी जपून धरलेल्या श्वासातून झाला. पुढे साऱ्या आयुष्यभर मी लोकांचे श्वास झेलले.

तिथून मी आलो हार्लन बेंडला. ओहायो नदी जिथे कमरेत वाकते, तिथे इंडियानाच्या काठावर हे गाव वसले आहे. आधी माझ्या वाट्याला आले डुकरांचे भाव, नदीची पातळी आणि रविवारची प्रवचने. कामाला मी कधी कमी लेखले नाही. पण मन लागले ते ऑर्व्हिल आला तेव्हाच.

ऑर्व्हिल बास्केटबॉलच्या सामन्यांचे वर्णन करी. आमच्या संघाचे नाव नावाडी. नदीकाठच्या गावाला दुसरे कोणते शोभणार? रेडिओवर वर्णन करणाऱ्यांची इकडे एक जुनी रीत आहे. खेळाडू कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला चालला, ते आधी सांगायचे. घरी बसलेल्याच्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहिले पाहिजे, मग गुण. ऑर्व्हिल याच्याही पुढे जाई. कोणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, कोणी कोणत्या बाहीने घाम पुसला, पंचाचा चेहरा आज का आंबला आहे, सारे काही तो सांगे. त्याच्या ओठांची ऊब माझ्या जाळीवर येई आणि मला वाटे, मी कान नाही, डोळा आहे.

आणि मग लूथर हेगूड आला.

डबे भरण्याच्या कारखान्यामागच्या वस्तीतला पोर. पाठीवर बावीस आकडा. धावे असा की जमिनीला कळू नये, आणि उंबरठ्यावर तान्हे बाळ ठेवावे तसा चेंडू जाळीत ठेवी. त्याच्या दुसऱ्याच हंगामात नावाडी साऱ्या देशात पहिले आले. त्या संध्याकाळी गावच्या बायाबापड्यांनी रस्त्यात पातेली बडवली, आणि पोरांनी जे गाणे रचले ते पुढे कित्येक वर्षे सभागृहाच्या छताला थडकत राहिले:

नदीला पूर, हेगूड शूर,
जाळीत चेंडू, वैरी दूर.

मित्रांनो, हे सारे माझ्यातून गेले. नावाड्यांचा विजय या गावाने माझ्या पोटातून ऐकला. सांगताना आजही माझे पितळ चकाकते, गर्व म्हणा हवे तर.

पुढे हेगूडचे गुडघे थकले. त्याने बूट सोडले, सगळ्यांशी हात मिळवले आणि नदीच्या वरच्या अंगाला रोपवाटिका काढली. टोमॅटोची, मिरचीची, झेंडूची रोपे विकू लागला. इथे गोष्ट संपायला हवी होती. हेगूडपुरती ती संपलीही. संपली नाही ती आम्हा बोलणाऱ्यांची.

मैदानात आता कानाला लावायचे नवे माईक आले, म्हणून मला स्टुडिओत आणले. ऑर्व्हिलही आला. ‘सकाळची शिट्टी’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. लोक फोन करत आणि खेळांवर भांडत. काचेपलीकडे बसे बर्निस डुप्री. फोन घेणे, ऑर्व्हिलला पाणी देणे आणि त्याला नि फोन करणाऱ्यांना झापणे, हे तिचे काम. तिच्याजवळ एक पुठ्ठा असे, त्यावर जाड खडूने लिहिलेले बावीस. फोन थंडावले की ती काचेला तो पुठ्ठा लावी. ऑर्व्हिल हेगूडचे नाव काढी, आणि शेकोटीत सुके गवत टाकावे तसे फोनचे सारे दिवे एकदम पेटत. बर्निस त्या पुठ्ठ्याला मीठ म्हणे.

किती ते मीठ! नावाड्यांच्या नव्या खेळाडूने, तावारेसने, सामना एकट्याने जिंकून दिला, तरी पहिला फोन यायचा, बरा आहे पोरगा, पण हेगूड असता तर. बेसबॉलचा हंगाम असो की घोड्यांच्या शर्यती, बोलणे वळून वळून त्याच ओट्यावर येऊन बसे. हेगूडने दाढी राखली तेव्हा ती त्याला शोभते की नाही यावर दोन दिवस गेले. त्याने जुनी गाडी विकली तेव्हा ती का विकली असेल यावर एक तज्ज्ञ बोलावला होता. तो दातांचा डॉक्टर निघाला. टीव्हीवाले, वर्तमानपत्रवाले, सगळ्यांची हीच तऱ्हा. न्हाव्याच्या दुकानातून एल्मो रोज फोन करी आणि म्हणे, हेगूड एका पायावर उभा राहून तावारेसला हरवील. त्यावर डोलोरेस नावाची एक आजीबाई फोन करून म्हणे, “एल्मो, तू आधी दोन पायांवर नीट उभा राहा, परवा माझ्या नवऱ्याचा कान कापलास.”

खोटे कशाला बोलू, मला मजा यायची. ज्या नावाने गाव उजळले, ते रोज सकाळी माझ्या तोंडून बाहेर पडे. पण एक गोष्ट मात्र माझ्या पडद्याला जाणवत होती. दिवसभर हेगूडचे नाव निघे, आणि तो चाले कसा, हसे कसा, हे कोणी सांगत नसे. ऑर्व्हिलसुद्धा नाही. तराजू तेवढा हलत राही. एका पारड्यात सदा हेगूड, दुसऱ्यात रोज नवा कोणी.

हेगूड स्वतः कधी आला नाही. दर हंगामाला बर्निस त्याला बोलावी. तो अदबीने ऐकून घेई आणि म्हणे, रोपांना पाणी घालायचे आहे. लोक म्हणत, फार चढलाय. कार्यक्रम चालू असताना ऑर्व्हिल यावर कधी काही बोलला नाही. पण माईक बंद केला म्हणजे त्याचे कान बंद होत नाहीत, मित्रांनो. लाल दिवा विझला की तो काचेकडे बघून विचारी, “बर्निस, त्या पोराचं मी काही वाईट केलं का गं? सामन्यानंतर माझ्याशी हात मिळवायचा. खेळ सोडल्यापासून एक शब्द नाही.”

बर्निस म्हणे, “त्यालाच विचार.”

“तो ‘हो’ म्हणाला तर?”

मग ऑर्व्हिलचा घसा बसला. आधी तो म्हणे सर्दी, मग म्हणे धूळ, मग कारण सांगायचेच त्याने सोडले. ईस्टर झाला की घशाचे ऑपरेशन करावे लागेल आणि नंतर हा आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ऑर्व्हिलने ते शांतपणे ऐकले. त्याला एवढेच हवे होते की आवाज जायच्या आत हेगूडने एकदा समोरच्या खुर्चीवर बसावे. काहीही बोलावे. रागावला असेल तर रागावावे. आपण ज्याचे नाव जन्मभर घेतले त्याने आपल्याला का टाकले, हे न कळता मुके व्हायचे नाही, असे तो बर्निसला म्हणाला. तिने त्या संध्याकाळी पुन्हा फोन केला. हेगूडने सारे ऐकले आणि फोन हळूच खाली ठेवला.

शेवटचा दिवस उजाडला. स्टेशनच्या साहेबांनी मोठा बेत आखला होता: हेगूड थोर की तावारेस, याचा आज कायमचा निकाल. लोकांनी मते द्यायची, ऑर्व्हिलने निकाल सांगायचा. ऑर्व्हिल गळ्याला मफलर गुंडाळून बसला. सारे दिवे आधीच लुकलुकत होते. तरी बर्निसने सवयीने पुठ्ठा काचेला लावला.

ऑर्व्हिलने त्याच्याकडे पाहिले. मग मान हलवली आणि माझ्याजवळ तोंड आणून म्हणाला, “आज लूथर हेगूडला सुट्टी. त्याला तोलणं आजपासून बंद. दुसरं काही बोलायचं असेल तर बोला.”

वाऱ्याने पणत्या विझाव्यात तसे फोनचे दिवे एकेक करून विझले. एल्मोसुद्धा गेला. साहेब दाराशी येऊन हातवारे करू लागले, तर बर्निसने आपली खुर्ची दाराला लावली आणि तीवर बसली.

रेडिओवर शांततेसारखे पाप नाही. भरल्या घरात चूल विझावी तसे ते वाटते. मला भीती वाटली. ऑर्व्हिलने खिडकीबाहेर पाहिले. समोर पावाची भट्टी होती. सकाळच्या सुट्टीत तिथल्या बाया बाजूच्या भिंतीला ठोकलेल्या कड्यात चेंडू टाकत. त्या दिवशीही त्या बाहेर आल्या होत्या. ऑर्व्हिलने घसा खाकरला, फाटक्या गोणीसारखा आवाज आला, आणि त्याने वर्णन सुरू केले.

“डावीकडून उजवीकडे, मंडळी, तुमच्या रेडिओच्या काट्याबरोबर. चेंडू त्या उंच बाईकडे आहे. कोपरापर्यंत पीठ. टोपी वाकडी. चेंडूत हवा कमी आहे, त्यामुळे तो उसळत नाही, नुसता बसतो. समोर तिची मैत्रीण, लाल स्वेटर, दोन्ही हात पसरलेत, आणि तोंडात अजून पाव आहे.”

मित्रांनो, माझा पडदा थरारला. किती वर्षांनी मी पुन्हा डोळा झालो होतो. आवाज घासत होता, मध्येच तुटत होता, तो थांबून पाणी पीत होता. पण त्या बाया कोण कुठल्या, आणि त्यांच्यासमोर सगळे गाव त्याने आणून उभे केले. एल्मोची कात्री हातातच राहिली म्हणतात. शेवटी उंच बाईने नेम धरला, तर चेंडू त्या कड्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अडकला. तो काढायला पाव उलटायची लांब दांड्याची फळी आणावी लागली. काचेपलीकडे बर्निस हसून हसून डोळे पुसत होती. ऑर्व्हिलने सांगितले, दोन्ही बाजू सारख्या, भोंगा वाजला, बाया आत गेल्या.

तेवढ्यात बर्निस दाराची खुर्ची सरकवून उभी राहिली.

पुढचे सांगण्याआधी माझे मागणे ऐका, कारण त्यानंतर मी काही बोलणार नाही. आज मी सभागृहाच्या ओसरीत काचेच्या कपाटात आहे. मधली काही वर्षे अडगळीच्या खोलीत, गुंडाळलेल्या तारांखाली गेली; तिथे माझ्या जाळीत कोळ्याने घर केले होते. त्याचा राग नाही. पण तुमच्या हाती कधी माईक आला, तर त्याच्या तोंडावर बोटाने टकटक करू नका, आत कोणाचा तरी जपलेला श्वास असतो. त्याला कोरड्या फडक्याने पुसा. आणि जो माणूस तुम्हाला फार आवडतो, त्याला रोज तराजूत घालू नका. तो कसा चालतो ते सांगा. ज्याला तो दिसत नाही, त्याला दिसू द्या.

तर दारातून लूथर हेगूड आत आला. बुटांना ओली माती, दाढी पांढरी. रोपांची गाडी तो पहाटेपासून भट्टीमागे उभी करून बसला होता. आत यावे की परत फिरावे, हे ठरत नव्हते, आणि गाडीतला रेडिओ चालू होता. तो समोरच्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे वाजले, ते मी ऐकले. ऑर्व्हिलने मला बंद करायला हात पुढे केला.

“राहू द्या चालू, मिस्टर ऑर्व्हिल,” हेगूड म्हणाला. “परत परत सांगायचं माझ्याच्यानं होणार नाही. लोकांना वाटतं मी तुमच्यावर रागावलोय.”

“मलाही तेच वाटत आलं.”

“माझी आई सामन्याला कधी आली नाही. मला कुणी धक्का देऊन पाडलं की तिला बघवायचं नाही. ती घरी शेंगा सोलत रेडिओ लावून बसायची. सामना संपला की मी फोन करायचो, आणि मी कसा खेळलो ते तीच मला सांगायची. कुठं चुकलो, कुठं लंगडलो, कुणाला हात देऊन उठवलं. मला आठवत नसायचं, तिला सगळं पाठ. मी खेळ सोडला त्याच हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून तुमचा आवाज ऐकला की त्या शेंगांचा वास येतो मला. इथं तुमच्यासमोर बसलो असतो तर रडलो असतो. आणि मग हेगूड का रडला यावर तुम्ही लोकांनी आठवडाभर फोन घेतले असते.”

ऑर्व्हिल हसला, हसण्याला आवाज फुटला नाही, नुसती ऊब माझ्या जाळीवर आली. त्याने पुढे केलेला हात तसाच राहिला होता; हेगूडने तो आपल्या मोठ्या, मातकट हातात घेतला.

“इतकी वर्षं सांगायचं राहिलं ते एवढंच,” तो म्हणाला. “माझ्या आईनं मला खेळताना पाहिलंय. प्रत्येक सामन्यात पाहिलंय. तुम्ही तिला दाखवलंत.”