कूलरच्या गाण्यातली बाई

"काकू, आता कूलर बंद करावा लागन," प्रशिक म्हणाला. "रेकॉर्डिंगमधी त्याचा आवाज येऊन राहिला."

नागपूरचा मे महिना, भर दुपार, आणि कूलरचं गाणं म्हणायला कूलर बंद करायचा. प्रमोदिनीला हसू आलं. घर तिचं असलं तरी आज हुकूम भाडेकरूंचा चालत होता. तिने बटण दाबलं. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गाद्या आधीच लावल्या होत्या. कपाळावरून घाम ओघळू लागला. पण तिच्या बैठकीत तीन माणसं एकत्र बसून घाम पुसताहेत, याचंच तिला बरं वाटत होतं.

प्रशिक आणि रजत गच्चीवरच्या खोलीत राहत. नोकरी कुठल्याशा ऑफिसात, आणि सुटीच्या दिवशी मोबाइलवर टाकायला गमतीची गाणी करायची. एका सकाळी प्रमोदिनी कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होती. ते ऐकून प्रशिक बाहेर आला आणि त्याने आपली योजना सांगितली.

"नव्वदच्या टायमाले तिकडं युरोपात अशी नाचाची गाणी निघाली होती, काकू. खालून ढप ढप ढप ढप. मधात एक माणूस भांडल्यासारखा भरभर बोलते. मंग एकदम एक बाई येते आन जीव तोडून ओरडते. कशासाठी ओरडून राहिली, कोणालेच समजत नाही. पण लोक नाचते. आपल्याले त्याचीच नक्कल करायची आहे, वऱ्हाडीत."

"आणि ती ओरडणारी बाई मी?"

"हो."

भांडल्यासारखं बोलायचं काम रजतकडे होतं. पंप, बादली, खसची ताटी, पाण्याचा टँकर असं सगळं त्याने एका दमात म्हणून टाकलं. प्रमोदिनीची पाळी आली, आणि ती दोनदा फिसकन हसली.

"काकू, हसायचं नाही ना," रजत म्हणाला. "जोक आमच्याकडं आहे. तुम्ही सीरियस गायचं. जीव चालला असं."

"कूलरात पाणी नाही म्हणून जीव चालला?"

"हो. त्याच्यासाठीच."

प्रमोदिनीने डोळे मिटले.

टाकी कोरडी, ओ ओ ओ,
कोणीच नाही पाणी टाकाले,
ये ना गा, ये ना गा, ये...

तिची आई जाऊन दोन उन्हाळे झाले होते. तेव्हापासून त्या घरात कूलरमध्ये पाणी ओतणारी आणि त्याच्यासमोर बसणारी बाई एकच होती. लग्न व्हायचं राहून गेलं होतं, आणि का राहिलं असं विचारून छळणारे नातेवाईकही एकेक करून संपले होते. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ती काउंटरवर बसून पेशंटांची नावं पुकारी. सावनेरची, पारशिवनीची माणसं आपलं नाव ऐकून दचकून उठत आणि डॉक्टरच्या दाराकडे बघत. पुकारणाऱ्या बाईकडे बघायचं कोणाला काय कारण? असा तीस वर्षं वापरलेला, कोणी न बघितलेला तो आवाज 'ये ना गा' म्हणत वर चढला, आणि रजत हसायचं विसरला.

"झालं," प्रशिक हळूच म्हणाला. "आता पुन्हा नको."

तिने पोहे केले. पोरं म्हणाली, नको काकू, खाऊन आलो. तिने वाढले. आणखी? नको, नको. तिने आणखी वाढले, वर तर्री ओतली, आणि पोरांनी प्लेटा चाटूनपुसून साफ केल्या. खाता खाता प्रशिकने विचारलं, "काकू, गाण्यावर तुमचं नाव टाकू ना?"

"छे रे. माझं कशाला? हॉस्पिटलात हसतील मला."

"बरं," तो म्हणाला, आणि लॅपटॉपकडे वळला.

प्रमोदिनी हातात डाव घेऊन उभीच राहिली. तिच्या घराण्यात पहिल्या नकोला कधी कोणी नको समजलं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा आढेवेढे घ्यायचे, आणि तिसऱ्यांदा 'बघा बाबा, तुमचं तुम्ही' म्हणायचं, इथवर तिचं मनात ठरलं होतं. पण पोरं सरळ होती. बाईने नाही म्हटलं म्हणजे नाही, असं शिकलेली. चांगलंच शिकली होती म्हणा. तिला आपलं नाव हवं होतं, फार हवं होतं, आणि आता ते स्वतःहून मागणं तिला मेलं तरी जमणार नव्हतं.

गाणं असं चाललं की विचारू नका. पानठेल्यांवर, ऑटोंत, वरातीत तेच. चित्रफितीत नूपुर नावाची एक तरतरीत मुलगी चंदेरी झगा आणि काळा चष्मा घालून, बादली छातीशी धरून ओठ हलवत होती. युरोपातही म्हणे असंच चालायचं, आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा. म्हणजे नक्कल बाकी अस्सल उतरली होती.

"ताई, हे नूपुर काय गाते ना," हॉस्पिटलातली रीना म्हणाली. "जोक आहे समजते, तरी मले रडू येते. काहून येते काय माहीत."

प्रमोदिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपण सांगितलं तर ही हसेल, आणि हसून झाल्यावर आपली कीव करेल, हेही तिला दिसत होतं. "हो का?" एवढंच ती म्हणाली आणि तिने पुढचं नाव पुकारलं.

पावसाळ्यात पोरांनी मोठी जागा घेतली. पुढच्या गाण्यात नूपुर स्वतःच गायली. गच्चीवरची खोली रिकामी झाली आणि प्रमोदिनीने ती पुन्हा भाड्याने दिली नाही. डिसेंबरात मात्र प्रशिक स्वतः येऊन पास देऊन गेला. एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम होता. "नक्की या, काकू. तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे."

त्या संध्याकाळी तिने आईची जांभळी पैठणी नेसली आणि वर शाल घेतली. मैदानावर सगळी तरुण मुलं उभी होती, म्हणून तीही उभी राहिली. शेवटच्या गाण्याआधी प्रशिक पुढे आला आणि गर्दीत बघू लागला.

"एका माणसाचं नाव घ्यायचं राहिलं," तो माइकवर म्हणाला. "प्रमोदिनीकाकू. आमच्या घरमालकीण. ज्याइच्या बैठकीत हे गाणं झालं, ज्याइनं आम्हाले पोटभर पोहे खाऊ घातले. काकूसाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या खरंच जोरदार पडल्या. गाण्यावर नाव नको, हा तिचा शब्द प्रशिकने पाळला होता. रागवावं असं त्याने काहीच केलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला इतकं दुखलं.

मग ढप ढप सुरू झालं. स्वेटर घातलेली हजारो पोरं कूलरसाठी उड्या मारू लागली. स्टेजवर नूपुर नुसते ओठ हलवू लागली, स्पीकरमधून बाईची ओळ आली, तशी प्रमोदिनीही गाऊ लागली, आधी नुसती ओठांत, मग मोकळ्या गळ्याने, डोळे मिटून.

कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. शेजारची मुलगी होती, बोलायला गोड.

"काकू, जरा हळू म्हणा ना. गाणं ऐकू येऊन नाही राहिलं आम्हाले."

"सॉरी, बाळा," प्रमोदिनी म्हणाली.

तिने शाल सारखी केली आणि सगळ्या मैदानाबरोबर तीही ऐकत उभी राहिली. बाई खरंच छान गात होती.