रुमालाखालचा भाव

"सलिल, गेम छान झालाय. फारच छान झालाय. हीच तर अडचण आहे!" मुकुंद म्हणाला.

गेम छान झाल्याची अडचण! आपल्याकडे हल्ली अशाही अडचणी येऊ लागल्या आहेत. चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, अठरा माणसांची ती छोटीशी कंपनी. मुकुंद तिचा मालक आणि सलिल तिथला सगळ्यात हुशार गेम डिझायनर. दीड वर्ष खपून त्याने 'भिर्र' नावाचा बैलगाडा शर्यतीचा गेम उभा केला होता. चार बैलांचा गाडा, पुढे धावणारी घोडी, चढणीचा घाट, उधळलेला भंडारा, कशात कसूर म्हणून नव्हती. किंमत ठरली होती अडीचशे रुपये. येत्या सोमवारी तो बाजारात यायचा होता.

"एकदा अडीचशे दिले की गिऱ्हाईक मोकळं," मुकुंद पुढे म्हणाला. "मुंबईच्या गुंतवणूकदारांचं म्हणणं असं की अर्धा गेम कुलपात ठेवा. घोडी वेगळी विका, घाटाचा शेवटचा टप्पा वेगळा विका. आणि तो चांद्या बैल आहे ना, तो 'नशिबाच्या पेटी'त टाका. एकोणपन्नास रुपयांना एक पेटी. निघाला तर चांद्या, नाहीतर गोंडे, झूल, काहीतरी."

"पण सर, चांद्या गेममध्ये आधीपासूनच आहे. आपण नवीन काहीच देत नाही."

"म्हणूनच तर खर्च शून्य!"

सलिलने मान डोलावली. त्याची बढती तोंडावर आली होती, आणि सगळेच तर करतात. 'सगळेच करतात' ही मनाला झोपवायची गोळी आपल्या प्रत्येकाच्या खिशात असतेच की! त्याने ती घेतली, आणि जागेवर जाऊन पेटीचा हिशोब लिहिला. चाळीस पेट्यांत सरासरी एकदा चांद्या. पेटी उघडताना काहीतरी वाजायला हवं, म्हणून चांद्याच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा आवाज लावून दिला.

हा चांद्या काही कागदावरचा बैल नव्हता. चाकणच्या पलीकडे निंबारवाडीत कोंडीराम नावाचे एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांच्या दावणीचा तो बैल. कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. त्यांची निम्मी जमीन कारखान्यांत गेली, मुलगा कंपनीत शिफ्ट करू लागला, पण कोंडीरामांनी गाडा सोडला नाही. गेम सुरू झाला तेव्हा सलिल रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेला होता. चांद्याचं हंबरणं, त्याचे खूर, घुंगरमाळ, सगळं त्याने टिपून आणलं. पैसे देऊ केले तर कोंडीराम हसले होते.

"आवाजाचं कसलं पैशे घ्यायचं? फकस्त येक करा सायेब. आमचा चांद्या सगळ्यास्नी जुपता यिऊ द्या. ज्यांच्या दावणीला बैल न्हाई, त्यास्नीबी."

"हो आबा, शब्द दिला," सलिल म्हणाला होता.

गेल्या पोळ्यानंतर चांद्या गेला. पोटफुगीचं निमित्त झालं. तेव्हापासून कोंडीराम घाटावर जायचे, पण नुसते बसून यायचे.

गेम बाजारात आला त्याच आठवड्यात कोंडीरामांच्या नातीचा, तनुजाचा फोन आला. "सलिलदादा, रविवारी आमच्या गावची यात्रा आहे. आबांनी तुम्हाला बोलावलंय. घाटावर मोठा पडदा लावणार आहोत. सगळ्या गावाला चांद्या बघायचाय!"

सलिलला आठवलं, चांद्या तर कुलपात आहे. मग त्याला एक युक्ती सुचली. ऑफिसच्या फोनवर सगळी कुलपं उघडलेला गेम होता. तोच न्यायचा, पडद्यावर चांद्या पळवायचा, नारळ घ्यायचा आणि घरी यायचं. कोणाला काय कळतंय!

रविवारी दुपारी तो निंबारवाडीत पोचला तेव्हा घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. गाडे सुटत होते, भोंग्यावरून निवेदक सेकंद सांगत होता. जेवणाच्या सुट्टीत पडदा लावला गेला. सलिलला फेटा बांधला, नारळ दिला. त्याने लगबगीने खिशातून ऑफिसचा फोन काढला.

"त्यो ऱ्हाऊ द्या सायेब," कोंडीराम म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "पाव्हन्याच्या जिवावर खेळायचं व्हय? आमी आमचा इकत घेतलाय! पयल्याच दिशी. अडीचशे मोजून! पर अजून उघडला न्हाई, सगळ्या गावासंगं बघायचा म्हून."

आता काय करायचं? सलिलने ऑफिसचा फोन पुन्हा खिशात ठेवला.

तनुजाने आपला फोन पडद्याला जोडला. घाट दिसला, भंडारा उधळला, गाव ओरडलं. गाड्याला चार बैल होते, पण त्यांत चांद्या नव्हता. कोपऱ्यात एक भलंमोठं कुलूप होतं आणि त्याखाली अक्षरं नाचत होती, 'चांद्या हवा आहे? नशीब अजमावा!'

गर्दीचा आवाज खाली आला. कोंडीरामांनी डोळे बारीक करून वाचलं.

"कोंडून ठिवलाय व्हय त्याला?" ते हसले. "बरं, काढू की भाईर. तनू, दे पैशे."

पेटी हलली, घुंगरमाळ वाजली आणि आतून निघाला निळा गोंडा. "पुढच्या पेटीत नक्की, आबा!" मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या पेटीतून झूल निघाली. तिसरीतून पुन्हा गोंडाच निघाला.

"आबा, राहू द्या आता," तनुजा हळूच म्हणाली.

"न्हाई गं," कोंडीराम पडद्याकडे बघतच म्हणाले. "वळखलं न्हाईस व्हय? ही माळ त्याचीच हाय. येका घुंगराची जीभ तुटल्याली हुती, त्यो आवाज मला ठावं हाय. म्हंजी त्यो आत हाय. माळ वाजतीया तर बैल लांब आसंल का?"

आणि त्यांनी चौथ्या पेटीसाठी बोट पुढे केलं.

सलिलला राहवलं नाही. फेटा सावरत तो धावला आणि त्याने म्हाताऱ्याचा हात धरला.

"थांबा आबा! निघणार नाही तो!"

"तुमाला काय ठावं?"

"मीच लिहिलंय ते! चाळीस पेट्यांत एखादा निघतो. कधी तेवढ्यातही निघत नाही. ती माळही मीच लावली, माणसाने पुन्हा पुन्हा उघडावं म्हणून!"

सगळा घाट ऐकत होता, कारण निवेदकाचा माइक शेजारीच चालू होता. सलिलला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आता शिव्या पडतील, फेटा उतरवतील. पण कोंडीरामांनी फोन नातीच्या हातात दिला आणि म्हणाले, "चला सायेब, सावलीत बसू."

मांडवाच्या कडेला दोघे बसले. कोंडीरामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, सलिलचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्हींवर रुमाल टाकला. आतल्या आत त्यांनी सलिलची तीन बोटं दाबली.

"चाकनच्या बैलबाजारात चाळीस वर्सं मी असा सौदा केलाय. बोटं दाबायची, भाव सांगायचा. भवतीनं शंभर मानसं हुबी आसू द्यात, कुनाला पत्ता लागत न्हाई. पर सायेब, ज्याच्या हातात हात हाय, त्याला पैनपै कळती. रुमाल जगासाठी हाय, घेनाऱ्यासाठी न्हाई! तुमी उलटं केलंसा. एकोणपन्नास रुपये सगळ्या जगाला दिसत्यात, आन् चांद्या केवढ्याला पडंल ते फकस्त घेनाऱ्यालाच ठावं न्हाई."

सलिलची मान खाली गेली. तरी तो पुटपुटला, "आबा, कंपनी चालवायला पैसे लागतात हो. अठरा माणसांचे पगार आहेत."

"लागत्यात की! मी कुटं फुकट मागतुया? चारशे सांगा, पाचशे सांगा. न्हाई परवडलं तर न्हाई घेनार, पर रुसनार न्हाई. उंद्या नवा बैल तयार केलासा, त्याच्यापायी राबलासा, तर त्याचं येगळं पैशे घ्या, हक्कानं घ्या. पर बैल इकायचा आन् शिंगं घरी ठिवायची, मंग शिंगांचा येगळा भाव लावायचा, असं कुन्या येपाऱ्यानं केलंय का? त्याला बाजारात हुबं कराल का तुमी?"

बोलता बोलता त्यांनी रुमाल काढून घेतला. "आन् त्याची माळ वाजवून मला फसीवलंसा, ह्ये मातर लागलं बरं का."

सलिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते फेट्याच्या शेमल्याला पुसलं. तेवढ्यात कोंडीरामांच्या मंडळी, रतनबाई, ताट घेऊन आल्या. सगळं त्यांच्या कानांवर गेलंच होतं. ताटात मासवड्या होत्या.

"यात्रंचं जेवान हाय, त्येच्यावर राग न्हाई काडायचा," त्या म्हणाल्या. "जेव बाळा. मंग जा आन् काय करायचं त्ये कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलिल मुकुंदच्या केबिनमध्ये शिरला.

"सर, गेम उघडा आणि मला चांद्या काढून दाखवा. स्वतःच्या कार्डावरून."

"हा काय पोरखेळ?"

"एकदा करा. मग वाटल्यास मला काढून टाका."

मुकुंदला वाटलं, पाच-सहा पेट्यांत उरकेल. पहिल्या पाच त्याने हसत उघडल्या. दहाव्या पेटीपासून हसणं थांबलं. सतराव्या पेटीतून निळा गोंडा निघाला, तो सातवा! मुकुंदने फोन टेबलावर आपटला.

"अरे, ह्यात चांद्या आहे तरी का? का नुसतीच लूट चाललीय?"

आपण काय बोलून गेलो ते मुकुंदच्याच लक्षात आलं.

सलिलने खिशातून रेकॉर्डर काढून लावला. आधी चांद्या हंबरला, मग कोंडीरामांचा आवाज आला, "ज्यांच्या दावणीला बैल न्हाई, त्यास्नीबी." आणि त्यापाठोपाठ सलिलचा स्वतःचा, "हो आबा, शब्द दिला."

"सर, हा शब्द कंपनीच्या नावाने दिला होता. बढती नको मला. कुलूप काढा, नाहीतर गेमवरून माझं नाव काढा."

मुकुंद काही राक्षस नव्हता. त्यानेही ही कंपनी भाड्याच्या एका खोलीत सुरू केली होती, गेम खेळायचं वेड होतं म्हणून. त्याने टेबलावरचा फोन उचलून सरळ ठेवला. मग म्हणाला, "गुंतवणूकदार भडकतील."

"भडकतील. आपण भाव चारशे ठेवू आणि आत सगळं देऊ. पुढच्या वर्षी नवा घाट बनवला तर त्याचे वेगळे घेऊ. तो भाव आधी सांगून."

तसंच झालं. ज्यांनी पेट्या घेतल्या होत्या त्यांचे पैसे परत गेले. आधीच्या गिऱ्हाइकांना सगळी कुलपं फुकट उघडून मिळाली. गुंतवणूकदार भडकायचे ते भडकलेच, आणि सलिलची बढती वर्षभर लांबली. चारशे रुपये ऐकून काही लोकांनी नाक मुरडलं, काहींनी घेतला. पण फसवलं, असं कोणी म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी सलिल पुन्हा निंबारवाडीला गेला. ओट्यावर तनुजाने गेम लावून फोन आजोबांच्या हातात दिला. कुलूप नव्हतं. गाड्याला चांद्या जुंपलेला होता, कपाळावरचा ठिपका स्पष्ट दिसत होता. तो मान हलवायचा आणि माळ वाजायची. कोंडीरामांनी गाडा सोडलाच नाही. शर्यतीची बारी सुरू करायचं बटण समोर असून ते नुसते बघत राहिले, ऐकत राहिले.

"पळवा की, आबा," सलिल म्हणाला.

"पळंल की. घाई काय हाय?" ते म्हणाले. "आता कुटं जानार न्हाई त्यो."

वाचकहो, धंदा करणं हे पाप नाही. महाग विकणं हेही पाप नाही. गेम असो, गाडी असो की मुलांच्या शाळेची फी, भाव वाढवायचा तर उघड वाढवावा आणि जे विकलं ते पुरतं द्यावं. माणसाच्या मायेला कुलूप घालून त्याची किल्ली नशिबाच्या नावाने विकणं याला व्यापार म्हणत नाहीत! आणि आपण घेणाऱ्यांनीही 'पुढच्या पेटीत नक्की' म्हणत बोट पुढे करण्याआधी खडसावून विचारावं, पूर्ण भाव सांगा. जो आपला हात हातात घेऊन तो सांगू शकत नाही, त्याच्याकडचा सौदा तिथेच सोडून द्यावा.