चिमणी दिसते आहे

पाऱ्याचा माथा सपाट नसतो. काचेच्या बारीक नळीत तो किंचित फुगीर असतो, आणि तापमान वाचायचं ते त्या फुगवट्याच्या टोकाशी, डोळा अगदी समपातळीत आणून. डोळा जरा वर राहिला तर आकडा वाढतो, खाली गेला तर घटतो. हे पुतणीला काकांनीच शिकवलं होतं.

वेधशाळेत रीत अशी, की एकानं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं तोच आकडा पुन्हा उच्चारायचा, स्वतः एकदा बघायचं आणि लिहायचं. तापमापक ठेवलेल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीसमोर काका वाकले.

"कोरडा चोवीस पूर्णांक दोन."

"चोवीस पूर्णांक दोन," ती म्हणाली, आणि जे तिला दिसलं ते लिहिलं: तेवीस पूर्णांक आठ.

शेजारच्या तापमापकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली होती. या दोहोंतल्या फरकावरून हवेतला दमटपणा निघतो. ओल्याचा आकडाही काकांनी चुकीचा सांगितला, आणि तिनं तोही गुपचूप दुरुस्त केला.

काकांची नजर कमी होत चालली आहे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून काकू जेवायला वाढताना विचारायची, "सांगितलंत का ऑफिसात?"

"सांगू की. घाई काय आहे? जवळचं जरा धूसर दिसतं, एवढंच. लांबचं अजून घारीसारखं दिसतं."

"हो, घारीला चष्मा सापडत नाही रोज सकाळी," काकू म्हणायची. काकांचा पारा चढायचा, आणि विषय तिथंच राहायचा.

लांबचं दिसतं, यावर पुतणीनं विश्वास ठेवला होता. ठेवायचा होता, असं म्हणणं जास्त बरोबर.

त्या सकाळी धुरकं होतं. धावपट्टीवरून फोन आला. नियंत्रक घाईत होता. "रुग्ण घेऊन छोटं विमान येतंय. उतरवू का दुसरीकडे पाठवू? दृश्यमानता सांगा, तीन किलोमीटर तरी हवी."

दृश्यमानता मोजायला यंत्र नव्हतं. अंतर ठाऊक असलेल्या खुणा होत्या: पाण्याची टाकी दोन किलोमीटरवर, बंद गिरणीची चिमणी पाचावर, त्यापलीकडे टेकडी. सगळ्यांत लांबची जी खूण दिसेल, तितकी दृश्यमानता. ती फोनपाशी थांबली; तिथून दारापलीकडचं पूर्वेकडचं सगळं तिलाही दिसत होतं. काका उघड्या दारातून गच्चीवर गेले आणि कठड्याला हात टेकून पूर्वेकडे बघू लागले.

"चिमणी दिसते आहे," त्यांनी आतल्या दिशेनं सांगितलं. "पाच किलोमीटर. सांग त्याला."

रिसीव्हर तिच्या हातात होता. तिनं बोलायच्या बाजूवर तळहात दाबून धरला.

"अगं, सांग ना! विमान काय तुझ्यासाठी घिरट्या घालणार आहे?"

"काका, चिमणी नाहीये."

"उडाली की काय?" ते हसले.

"पाडली. परवा, तुम्ही रजेवर होतात तेव्हा. तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून निघून गेल्यासारखं. ते पुन्हा पूर्वेकडे वळले. तिला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मला दिसली गं," ते हळूच म्हणाले. "खोटं नाही बोललो मी."

"माहीत आहे मला."

"उभी रेघ दिसली. नेहमीच्या जागी." त्यांनी डोळे चोळले. "टाकी आहे ना?"

"आहे. अंधूक दिसते. त्यापलीकडे काही नाही."

फोनमधून आवाज आला, "हॅलो? कुणी आहे का?"

"पेटीतले आकडे," काका म्हणाले, "तू मी सांगतो तेच लिहितेस ना?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही काका."

त्यांनी मान हलवली. कठडा सोडला. चाचपत नव्हे, पण प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून टाकल्यासारखे आत आले आणि हात पुढे केला. तिनं रिसीव्हर दिला.

"दृश्यमानता दोन किलोमीटर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "विमान दुसरीकडे पाठवा. हो, खात्रीनं सांगतोय. बघितलं माझ्या पुतणीनं." मग ते थांबले. "आणि लिहून घ्या. आजपासून इथलं निरीक्षण तीच करेल. मला दिसत नाही. मी काम सोडतो आहे."