चाकं माझी, पायऱ्या चिमीच्या

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची बॅग हाय. खरं बोलायचं तर आता बिनचाकांची. पोटात सुके बोंबील भरून एडवणला चिमीच्या घरात पडलेय. नाक मुरडू नका, मी फॉरेन बघून आलेय.

बोईसरच्या बाजारात मला शैलेश सरांनी घेतलं. ते गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांना पोर्तुगालला कोर्सला जायचं होतं. जातीवरून, गरिबीवरून, पायांवरून कुठलंच पोर शाळेत मागं पडू नये, त्याचा कोर्स. दुकानात सरांनी मला लादीवर फिरवून बघितली. चाकं चांगली, म्हणून घेतली.

चिमी त्यांच्याच शाळेत. तिचे पाय जन्मापासून लुळे, हातांवर सरकत जायची. तिचा चौथीचा वर्ग खाली होता, आता पाचवीचा माडीवर. सर निघाले तेव्हा ती गेटजवळ येऊन बसलेली.

"सर, माझा वर्ग खाली आणाल ना?"

"आलो की पहिलं तेच काम. तेच शिकायला चाललोय ना बाळा."

चिमीनं माझं चाक बोटानं गरगर फिरवलं. "हिची मज्जा हाय," बोलली.

खरंच मज्जा होती. तिकडं पायरी आली की बाजूला उतार. मी कुठंच अडकली नाय. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा हॉलातच होत्या. कोर्सचा एक खेळ म्हणून सरांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि बाकीचे त्यांच्या डोक्यावरून बोलायला लागले. "यांना चहा चालतो का?" असं शेजारच्याला विचारलं, सरांना नाय. सर ढसाढसा रडले. "आज मला माझी चिमी कळली," बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलापण खरं वाटलं.

सर विमानतळावरून थेट शाळेत आले. सत्कार ठेवलेला माडीवर. गुच्छ द्यायचा चिमीनं.

"बबलू, कैलास, बॅग घ्या रे वर. पायरीला घासू नका, नवी आहे!"

दोघा पोरांनी मला नवरीसारखी उचलून नेली. माझ्या मागं चिमी. गुच्छ दातांत धरून एकेक पायरी हातांनी चढत होती. वर पोचली तेव्हा फ्रॉक मातीनं भरलेला. गुच्छाची फुलं अर्धी जिन्यातच गळलेली.

सर तिच्या आईला बोलले, "मंदाताई, हिला पेढा चालतो का?"

"मला तोंड हाय, सर," चिमी बोलली.

सगळे हसले. सर जास्त हसले. "बघा, किती चुणचुणीत!"

"माझा वर्ग कधी येतो खाली?"

"अगं, खालच्या खोलीत कोर्सचं प्रदर्शन लावायचंय. माझे तिकडचे फोटो, तक्ते. थोडी कळ काढ."

चिमीनं कळ काढली. रोज जिना चढली, तळहात सोलले. पोरं तिला 'पाल' बोलायची. दिवाळीनंतर ती आलीच नाय. सर भाषणात बोलले, "आपल्या लोकांना शिक्षणाची कदरच नाही."

मग माझी चेन तुटली. सरांनी मला मंदाला देऊन टाकली. चिमीच्या बाबांनी माझी चाकं काढली आणि एका फळीला खाली ठोकली. आता चिमी त्या फळीवर बसते, हातांनी जमीन ढकलते आणि सुसाट सुटते. बाजारापर्यंत जाते. शाळेच्या गेटाजवळून जाताना मान वळवते.

परवा सर दारात आले.

"अरे वा! थांब, अशीच बस. फोटो काढतो, पुढच्या कोर्सला दाखवीन."

"सर, चाकं ओळखलीत?"

सर मोबाईलमध्ये बघत होते. "जरा हस ना."

चिमी हसली नाय. तरी फोटो निघाला.

मित्रांनो, वस्तू सांगतात ना, आमाला जपा? मी नाय सांगणार. मला लय जपली, एक चरा पडू दिला नाय. आमाला घासा, आपटा, भंगारात फेका. पण कोणा पोरीला बोललात, तुझा वर्ग खाली आणतो, तर आणा.