मी झोपले की दिवे उठायचे

गोजराक्का फोनवर सरळ कधी बोलायची नाही. "शेवग्याच्या शेंगा जून व्हायच्या आत ये," एवढंच म्हणाली. ही माझी थोरली बहीण, जावळीत गावी असते. खुबा मोडल्यापासून खाटेवर आहे. शेंगांचं नुसतं निमित्त, हे मला कळलं. पण मी तरी कुठली सरळ! "वाशीत काय शेंगा मिळत नाहीत?" म्हटलं, आणि फोन ठेवून पदराने डोळे पुसले.

जायचं कसं, हीच पंचाईत. माझ्या पाठीचा मणका सरकलाय, तासभर बसले की पाय बधिर होतात. एसटीचं नाव काढायला नको. म्हणून तर आमच्या मालकांनी, बाबासोंनी, जुनी व्हॅन घेतली होती. जन्मभर मार्केटात पोती वाहिलेला माणूस. ही व्हॅन आधी शाळेची पोरं न्यायची. वरून निळा रंग मारला, तरी ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं दिसतात. आत फळ्यांचा पलंग केला, शेगडी ठेवली, पाण्याचा ड्रम बांधला. मी मागे आडवी, हे पुढे स्टेअरिंगवर. असं आम्ही दोनदा जाऊनही आलो होतो.

यावेळी पोरगा आडवा आला. उदयसिंह म्हणाला, "आई, तुम्ही पहाटे अंधारात निघणार, पुढे घाट. आणि हे दिवे? ह्यांच्यापेक्षा तुझी समई बरी. नवीन लाईट बसवा. मी स्वतः चालवून बघणार. पटलं तर जा, नाहीतर गाडी भंगारात."

"भंगारात आधी मला घाल," मी म्हटलं. पण पोराचं खोटं नव्हतं. आणि पहाटे निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण उन्हात पत्रा असा तापतो की पलंगावर भाकरी भाजावी.

जुईनगरला भगवान मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने जुने दिवे काढले. काचांवर मधोमध एकेक काळा ठिपका रंगवलेला होता. नव्या काचा कोऱ्या करकरीत. मी विचारलं, "ह्यांना ठिपका नाही का? दृष्ट लागायची."

भगवान हसला. "मावशी, तो दृष्टीचा नसायचा. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून असायचा."

"डोळ्यांचंच ना? मग दृष्टच की रे ती!"

त्याने दिवे लावून समोरच्या भिंतीवर उजेड पाडला. खाली, सरळ, दुधासारखा पांढरा. मला तर वाटलं, झालं काम. घरी येऊन सामान चढवलं. ड्रम भरला, तांदळाचं पोतं ठेवलं, आणि आईचं दगडी जातं, जे गोजराक्काला परत हवं होतं, तेही पलंगाखाली अगदी मागे सारलं. पोराने हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी निघायचंच, असा माझा बेत.

दिवेलागणीला उदयसिंह चालवायला बसला, शेजारी त्याचे वडील. मी मागे पडले, म्हटलं पाठीलाही कळू दे. सानपाड्याहून वाशीकडे वळतोय तोच समोरचा एकजण दिवे फडफडवून गेला. मग दुसरा. तिसऱ्या रिक्षावाल्याने तर काच नसतानाही काच खाली केल्यासारखी मान बाहेर काढून आमच्या खानदानाचा उद्धार केला.

"ओळखीचा होता का?" मी मागून विचारलं.

"आई, तो अप्पर खाली कर म्हणतोय! उजेड डोळ्यांत जातोय त्याच्या!"

"मग कर ना खाली!"

"खालीच आहे!"

हे म्हणाले, "मला तर झाडाचं पान न् पान दिसतंय. रस्ता तेवढा दिसत नाही."

दिवे नवे, उजेड दुप्पट, आणि रस्ता दिसत नाही! मला काही उमगेना. उदयसिंह घरी येताच फोनमध्ये भंगारवाल्याचा नंबर शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भगवानकडे. त्याला बॅटरी बघायची होती, ती पलंगाखाली, म्हणून सगळं सामान उतरवलं. भिंतीवर उजेड बघितला तर खाली, सरळ, शहाण्या सुनेसारखा.

"मावशी, इथं तर बरोबर आहे."

"तुझ्यापुढे बरोबर असतं रे! रस्त्यावर गेलं की अंगात येतं त्याच्या."

भगवानने डोकं खाजवलं. मी पिशवीतून काजळाची डबी काढली आणि दोन्ही काचांवर एकेक बोट लावलं. कोणी काही म्हणून तर बघावं!

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सामान परत चढवलं. उदयसिंह म्हणाला, "आता शेवटचं. इथंच भिंतीवर बघतो, मग बाहेर काढतो." गाडीचं तोंड पलीकडच्या इमारतीकडे होतं. यांनी दिवे लावले. मी मागे जाऊन पलंगावर पडले. पडले तोच त्या इमारतीतली तळमजल्यावरची शर्मिला ओरडली, "ओ काकी! काय लावलंय? तुमचा उजेड माझ्या टीव्हीवर येतोय! सिरियल दिसत नाही!"

मी ऐकून घेणारी नव्हे. उठले, उतरले, तरातरा तिच्या खिडकीशी गेले. उजेड खिडकीच्या खाली होता. टीव्हीवर टिकलीएवढाही नाही.

"कुठाय गं उजेड? दाखव!"

शर्मिला बघतच राहिली. "आत्ता होता, काकी. शप्पथ."

"भांडायला हवं तर सरळ भांड. खोटं कशाला?"

मी परत जाऊन पडले. ती परत ओरडली. मी परत उतरले. उजेड परत खाली. आता तीही रडकुंडीला आली आणि माझंही डोकं फिरलं. मी यांना दरडावलं, "तुम्ही बटण दाबताय का हो?"

"मी हातसुदिक लावला न्हाई!"

माझी सून राजलक्ष्मी शर्मिलाच्या खिडकीजवळ उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही जरा परत झोपता का?"

"का गं, मला काय झालंय?"

"झोपा तर."

झोपले. "आता उठा." उठले. "आता झोपा." मला वाटलं, घरातली सगळी एकदम बिघडली. तोवर उदयसिंह तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला होता आणि दोघंही पोट धरून हसत होती.

"आई, तू झोपलीस की दिवे उठतात!"

यांनी कपाळावर हात मारला. "उलाळ झालीय की गाडी! बैलगाडीत मागं ओझं पडलं की म्होरलं जू वर जातं, तसं. भगवानकडं रिकामी न्यायचो, म्हणून सरळ दिसायची."

"जन्म ओझी वाहण्यात गेला तुमचा, आणि आत्ता आठवलं?"

"गाडीला बैल न्हाईत, मग ध्यानात कसं येणार?"

जातं आणि तांदूळ पुढे, मालकांच्या शेजारच्या सीटखाली गेलं. पण मला पुढे बसता येत नाही, आणि मी तांदळापेक्षा जड, हे कोणी बोललं नाही, तरी ऐकू आलं. शेवटी भगवानकडे भरलेली गाडी नेली, मला आत आडवी ठेवून. चार परक्या माणसांसमोर भरदिवसा मी डोळे मिटून पडलेली, आणि तो दिव्यामागचा स्क्रू पिळतोय. "मावशी, हलू नका."

"हलत नाही रे बाबा. मेलेय असं समज."

त्या संध्याकाळी उदयसिंहाने अख्खी फेरी मारली. कोणी दिवे फडफडवले नाहीत. त्याने किल्ली वडलांच्या हातात दिली. "जा. पण आई, मध्ये उठून बसायचं नाही हां."

पहाटे निघालो. मला छत तेवढं दिसत होतं. दर थोड्या वेळाने मी विचारत होते, "कुणी काही म्हणतंय का?"

"न्हाई."

"रस्ता दिसतोय का?"

"दिसतोय. पडून राहा."

उजाडता उजाडता गोजराक्काचा फोन आला. "कुठवर आलीस?"

"मला काय माहीत! मी झोपलेय. उठले तर दिवे खाली पडतात."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "शालन, तुझी तब्येत बरी हाय ना गं?"

"बरी आहे. तू शेंगा काढून ठेव."