वरातीची घोडी

मुलांनो, गोष्ट ऐकण्याआधी एक करा. जमिनीवर बसा आणि दोन्ही पाय समोर ताठ करा. आता अशी कल्पना करा की हे पाय तुमचं ऐकत नाहीत. गुडघा वाकवायला गेलात तर तो वाकत नाही. उभं राहायला गेलात की एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा चढतो. सुट्टी झाली की वर्ग धावत बाहेर पडतो आणि तुम्ही आईची वाट बघत भिंतीला टेकून बसता.

बसलात? आता कुणीतरी तुम्हाला उचलून एका घोडीच्या पाठीवर ठेवलं आहे. खाली मऊ वाकळ आहे. मांड्यांना घोडीच्या अंगाची ऊब लागते. ती एक पाऊल टाकते आणि तुमची कंबर डावीकडे झुकते. दुसरं टाकते, उजवीकडे झुकते. चालते ती, पण तुमच्या अंगाला वाटतं, मीच चालतोय.

अक्षराला पहिल्यांदा असं वाटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिनं घोडीच्या मानेवरचे केस इतके घट्ट धरले की खाली उतरवताना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

अक्षरा निलंग्याजवळच्या एका खेड्यातली. तिची आई चांगुणा शेतातली कामं उरकून दर मंगळवारी आणि शनिवारी तिला कडेवर घेऊन एसटीनं निलंग्याला यायची. निलंग्यात शिल्पाताईंचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. जन्मापासून पाय आखडलेल्या मुलांना घोड्याच्या चालीनं फायदा होतो, हे त्या शिकून आल्या होत्या. पण शिकून काय होतं? घोडी हवी, जागा हवी, वैरण हवी आणि धरायला माणसं हवीत. जागा दिली गुरुबसप्पांनी. धान्याच्या बाजारात, म्हणजे मोंढ्यात, त्यांची आडत होती आणि गावाबाहेर एक मोकळा प्लॉट पडून होता. माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मास्तर. निम्म्या गावाला मी पाढे शिकवलेले. निवृत्त झालो म्हणून काय झालं, हाक मारली की माणसं अजून उभी राहत.

घोडी आम्ही माळेगावच्या जत्रेतून आणली. उमरीकडचे शेषेराव तिचे मालक. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"वरातीची घोडी हाय, गुरुजी. डीजे लावा, फटाके फोडा, लेकरांना शेपटी ओढू द्या, हालणार न्हाई. फकस्त हलगी ऐकली की तिचं तिला राहवत न्हाई. पाय उचलती."

"अय्यो, मग माझ्यासारखीच की!" गुरुबसप्पा म्हणाले. "मला बी कुठं राहवतंय?"

आम्ही सगळे हसलो. गर्दीला सरावलेली घोडी मिळाली, अजून काय पाहिजे? तिचं नाव बिजली. चाल मात्र अशी संथ की गावातली पोरं म्हणायची, "नाव बिजली अन् चाल गाभण म्हशीची."

तिच्या खाण्याची सोय गुरुबसप्पांनी मोठी नामी केली. मोंढ्यात माल घालायला आलेल्या शेतकऱ्याला ते म्हणायचे, "भाऊ, एक पसा हरभरा बिजलीला." माल मोजून झाला की माणसं हसत हसत ओंजळ भरून वेगळ्या पोत्यात टाकायची. कडब्यासाठी मी आणि माझे जुने विद्यार्थी ट्रॅक्टर घेऊन गावोगाव फिरायचो. दारात उभं राहून मागायची आधी मला लाज वाटायची. मग एकदा एका म्हातारीनं दोन पेंढ्यांऐवजी पाच टाकल्या आणि म्हणाली, "माझ्या नातवाचं नाव घालता का यादीत?" त्यानंतर लाज गेली. यादीत अकरा मुलं झाली.

शिल्पाताईंचा नियम कडक होता. एकानं पुढं दोर धरायचा. दोघांनी दोन बाजूंनी चालायचं आणि मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. "आभाळ कोसळलं तरी गुडघा सोडायचा नाही," असं त्या बजावायच्या. अक्षराच्या डाव्या गुडघ्यावर वर्षभर माझा हात होता. आधी तो गुडघा लाकडासारखा लागायचा. हळूहळू त्यात ढिलाई आली. पावसाळा संपता संपता अक्षरा दोन्ही हात सोडून ताठ बसायला लागली. दिवाळीनंतर एक दिवस ती कुंपणाचा बांबू धरून उभी राहिली आणि मी वीस म्हणेपर्यंत पडली नाही. चांगुणा पदर तोंडाला लावून बाभळीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

"रडायलीस का काय, आई?" अक्षरानं विचारलं.

"न्हाई गं. कचरा गेला डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत एकदमच?"

पण अकरा मुलांना एक घोडी कुठं पुरणार? पाळी आठ-आठ दिवसांनी यायला लागली. दुसरी घोडी हवी होती, डोक्यावर पत्रे हवे होते. शिल्पाताईंनी लातूरच्या एका डाळमिलवाल्या गृहस्थांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघतो, मग दोन्ही देतो. शनिवार ठरला.

आता नीट ऐका. इथं चूक झाली आणि ती माझी आहे.

आमच्याकडे मोठा पाहुणा येतो तेव्हा नुसता नमस्कार करून भागत नाही. हलगी वाजते, हार घालतात, शाल-नारळ देतात. त्याशिवाय पाहुण्याचा मान होत नाही. मी चाळीस वर्षं शाळेत असेच पाहुणे उतरवून घेतले. शिल्पाताई म्हणाल्या होत्या, "गुरुजी, साधंच ठेवा." मी हो म्हणालो, आणि साधं म्हणजे डीजे नको असं समजून हलगीवाल्यांना निरोप धाडला. माळेगावला शेषेराव काय म्हणाले होते ते मला आठवलंसुद्धा नाही.

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा अक्षरा बिजलीवर होती. दोर शिल्पाताईंच्या हातात. उजवीकडे माझा एक विद्यार्थी, डावीकडे मी. गुरुबसप्पांनी लांबून हाक दिली, "गुरुजी, नारळ तुमच्या हातानं!" मला बरं वाटलं. मी गुडघा सोडला. सात-आठ पावलं पुढं जाऊन मांडून ठेवलेला नारळ उचलला.

हलगी कडाडली.

बिजली आधी थांबली. तिचे कान ताठ झाले. मग तिनं पुढचा एक पाय उचलला, तो ठेवून दुसरा उचलला. मग दोन्ही उचलले. शिल्पाताई ओरडल्या, "बंद करा! बंद करा!" हलगीवाल्यांना वाटलं, घोडी रंगात आली, त्यांनी आणखी जोर केला. मी वळलो तेव्हा अक्षरा डाव्या बाजूनं खाली येत होती. माझ्या बाजूनं. माझ्या हातात नारळ होता.

हलगी थांबताच बिजलीही थांबली. खाली पडलेल्या पोरीला एक खूर लागू न देता ती जागच्या जागी उभी राहिली. अक्षराचा डावा हात मोडला होता.

पाहुणे गाडीत बसताना "बघू पुढं" म्हणाले. आम्हाला कळलं.

गावात बोलणं सुरू झालं. घोडी खोडील आहे, उधळली, लेकरू मारलं असतं. मी ते ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. चौथ्या दिवशी मी लातूरच्या दवाखान्यात अक्षराला बघायला गेलो. तिच्या हाताला प्लास्टर होतं.

"गुरुजी, बिजली पळाली न्हाई," ती म्हणाली. "मला वर समजत होतं. एक-दोन, एक-दोन. ती नाचायली होती."

"गप पड," चांगुणा म्हणाली. "जीव गेला असता अन् हिला नाच सुचतोय."

अक्षरा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बाळा, आराम कर." आणि बस धरून परत आलो. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि त्या दिवशी त्या खाटेपाशी मला एक वाक्य बोलता आलं नाही.

आठव्या दिवशी गुरुबसप्पांच्या आडतीवर सगळे जमले. मुलांचे आईबाप पोत्यांवर बसले होते. घोडी विकून टाका, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तेव्हा मी उभा राहिलो. हलगीचा निरोप मी दिला, गुडघा मी सोडला, शेषेरावांनी जत्रेतच सांगितलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं, हे सगळं सांगितलं.

मग गुरुबसप्पा म्हणाले, "मी बी होतो जत्रेत. मी बी हसलो की."

"आठ दिवस का गप्प होतात, गुरुजी?" शिल्पाताईंनी विचारलं.

"लाज वाटली."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की बिजली वाचेल. दोष तिचा नाही हे कळल्यावर तिला कोण कशाला विकेल? तुम्हालाही तसंच वाटत असेल. पण शिल्पाताई सावकाश बोलायला लागल्या.

"घोडी गुणी आहे, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. पण आता लग्नसराई आहे. प्लॉटच्या रस्त्यानं वराती जातात. मग जत्रा येतील, मिरवणुका येतील. हलगी वाजणार नाही असा आपल्याकडचा एक दिवस मला कुणीतरी सांगा."

"सवय मोडता येत न्हाई का?" कुणीतरी विचारलं.

"वर्ष लागेल. आणि मोडली की नाही, हे कुणाचं लेकरू वर बसवून बघू?"

आता सगळे चांगुणाकडे बघायला लागले. ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुम्ही बोललात, बरं केलं. माझ्या मनात राग न्हाई. पण मी तिला पुन्हा न्हाई बसवायची." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "मग तिच्या पायाचं कसं करायचं, ते तेवढं सांगा."

मोडलेल्या हातानं बांबू धरता येत नव्हता, आणि अंथरुणावर पडून तिचे गुडघे पुन्हा आखडायला लागले होते.

दुसरी घोडी आणायला पैसे नव्हते आणि द्यायला आता कुणी तयार नव्हतं. शेवटी शेषेरावांनाच फोन केला. ते पुढच्या सोमवारी टेम्पो घेऊन आले. त्यांना वरातींची बोलावणी होतीच.

"सांगितलं व्हतं की, गुरुजी," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

चांगुणा अक्षराला घेऊन आली होती. पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं होतं, म्हणून आणावंच लागलं. अक्षरा आईच्या कडेवरून सगळं बघत होती. एवढी थोरली पोर कडेवर; चांगुणाचा खांदा वाकून गेला होता.

शेषेरावांनी टेम्पोला फळी लावली. बिजलीनं फळीवर एक खूर ठेवला, ती डगमगली तशी मागं घेतला. दोर ओढला तर ती मागं रेटायला लागली. दोघांनी मागून ढकललं. ती हलेना. गुरुबसप्पांनी मूठभर हरभरा समोर धरला, तिनं वासही घेतला नाही. उन्हं चढत चालली. शेषेराव टेम्पोच्या पुढं गेले आणि सीटमागून चाबूक घेऊन आले.

"बाजूला व्हा जरा," ते म्हणाले. "दोन बसले की चढंल. सवय हाय तिला."

मी म्हणालो, "शेषेराव, मारू नका."

"मग तुम्ही चढवता का?"

शिल्पाताईंनी तोंड फिरवलं. शेषेरावांनी बाही वर केली.

"आई," अक्षरा म्हणाली, "मला वर बसव."

"येडी का काय तू? घोडीवर न्हाई बसायचं, सांगितलं ना!"

"घोडीवर न्हाई. टेम्पोत."

चांगुणानं माझ्याकडे पाहिलं, मग शेषेरावांकडे. शेषेरावांचा हात खाली आला. चांगुणानं पोरीला फळीवरून आत नेलं आणि कडब्याच्या पेंढ्यांवर टेकवून बसवलं. अक्षराचे दोन्ही पाय समोर ताठ झाले. प्लास्टरचा हात तिनं मांडीवर ठेवला आणि उजवा पुढं केला.

"बिजले," तिनं हाक मारली. "ये. मी हाय इथं."

बिजलीनं मान वर केली. फळीवर एक खूर ठेवला. फळी डगमगली, पण या वेळी तिनं तो मागं घेतला नाही. दुसरा ठेवला. आत जाऊन तिनं मान खाली घातली आणि अक्षराच्या हातात नाक दिलं. आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे होतो. पोरीनं घोडीचं कपाळ चोळलं, कान चोळले, जितका वेळ चोळावंसं वाटलं तितका वेळ चोळले.

मग तिनं बिजलीच्या गळ्यातला लोंबता दोर उजव्या हातानं उचलला, आणि फळी चढून आलेल्या शेषेरावांच्या हातात स्वतःच दिला.