किल्ली कोणाकोणाकडे

कुलूपवाल्याने दारापाशी गुडघे टेकले, टॉर्चच्या उजेडात लॅच न्याहाळलं आणि पिशवीतून ड्रिल काढलं.

"ताई, लॅच चांगलं आहे. फोडायला जिवावर येतंय. दुसरी किल्ली कुणाकडेच नाही?"

"नाही. आई किल्ली कुणाला देत नसे."

म्हणजे पोटच्या मुलीलाही नाही. वडील गेल्यावर मुलीने एकदा मागून पाहिली होती. "माझ्या घराचं दार मी उघडीन," एवढंच उत्तर मिळालं. आईने जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. व्यक्तिस्वातंत्र्य हा तिचा हातखंडा विषय. मुलीने तो घरातही मान्य केला आणि पुन्हा म्हणून किल्लीचं नाव काढलं नाही. आता आई ऑपरेशनमधून उठलीच नव्हती. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत चष्मा होता, पुस्तक होतं, किल्ली नव्हती. आणि एकच गोष्ट मुलीला पोखरत होती: या दाराआड आई किती एकटी पडली असेल, आणि आपण ते आदर म्हणून चालवून घेतलं.

ड्रिल घरघरलं तसं समोरचं दार उघडलं. शेजारच्या मावशी बाहेर आल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"अगं, काय चाललंय हे? किल्ली माझ्याकडे आहे की."

"तुमच्याकडे?"

"मग? जाताना बजावून गेली, फ्रीज रिकामा कर, दूध नासलं तर बघ. तू नुसती माझी बेल वाजवायची होतीस."

ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्यात वरच्या मजल्यावरून सपाता वाजल्या. रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका कठड्यावरून वाकले.

"किल्ली हवी आहे का? माझ्याकडेही आहे."

"खालच्या शिंपीणबाईंकडेही एक आहे," मावशी म्हणाल्या. "तिचा नवरा घोरतो. रात्रपाळी करून आला की दुपारभर नुसता घोरतो. ती बिचारी तुझ्या आईकडे येऊन झोपते."

कुलूपवाल्याने ड्रिल पिशवीत टाकलं. "ताई, मग या दाराला कुलूप लावलं कशाला?"

कुणी हसलं नाही, कारण मुलगी पायरीवर बसली होती.

"सगळ्यांना दिली," ती म्हणाली. "मला सोडून."

ड्रायव्हरकाका दोन पायऱ्या खाली आले.

"तुझ्या आईचं आणि माझं रोज वाजायचं," ते म्हणाले. "त्या म्हणायच्या, माणूस स्वतंत्र जन्मतो. मी म्हणायचो, बाई, निदान एक सुईण तरी हजर असते. तर म्हणाल्या, म्हणूनच सुईण निवडायचा हक्क हवा. म्हटलं, बाळाला कसला आलाय हक्क? म्हणाल्या, बाळाला नसतो, म्हणून तर म्हातारपणी हवा." "आम्हाला निवडलं होतं त्यांनी."

"आणि मला?"

"तुझं मी विचारलं होतं," मावशी हळू म्हणाल्या. "म्हणाली, तिला किल्ली दिली तर ती काळजीपोटी येईल. आत्ता येते ती मला भेटायला येते."

मुलगी पायरीवरून उठली आणि तिने मावशींना दाराकडे वाट करून दिली.

मावशींनी हात पुसून दार उघडलं. रेडिओशेजारी ड्रायव्हरकाकांचा चष्मा होता. दिवाणावर शिंपीणबाईंची उशी. ओट्यावर पालथे घातलेले चार कप, चारही वेगवेगळ्या घरांतले. एकट्या बाईचं घर शोधायला ती आली होती. ते कुठेच नव्हतं.

दोघांनी आपापली किल्ली तिच्यापुढे धरली.

"घे. आता तुझं घर."

तिने त्यांच्या मुठी मिटवल्या. "राहू द्या. मी आले की बेल वाजवीन."

"आणि उघडणार कोण?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"संध्याकाळी आलीस तर मी," मावशी म्हणाल्या. "दुपारी आलीस तर जरा जोरात वाजव. शिंपीण झोपलेली असते."